आधी माप, मग सामान

इंजिनाचं काम झालं, नवं सामान पडलं, पैसे मोजून दिले, आणि हरभऱ्याच्या दुसऱ्याच पाण्याला ब्रीदरमधून धूर मारायला लागला, की पहिला दोष सामानाला जातो. मिस्त्री म्हणतो, माल डुप्लिकेट निघाला. दुकानदार म्हणतो, बसवणाऱ्यानं नीट बसवला नाही. दोघं आपापल्या परीनं मोकळे होतात आणि पैनगंगेच्या काठावर बंद इंजिनाजवळ उभा राहतो तो शेतकरी. बुडालेला पैसा मलाही सलतो, पण कुणाची उणीदुणी काढायला हे लिहीत नाही. माझं म्हणणं एकच आहे. डिझेल इंजिन पुन्हा बांधणं म्हणजे जुनं काढून नवं घालणं नव्हे, ते मोजमापाचं काम आहे. जिथं मापं घेतली जात नाहीत तिथं चांगलं सामानही वाया जातं, आणि आपल्या भागात मापं घेण्याची रीतच उरलेली नाही.

पाच एचपीचं किर्लोस्कर एव्ही-१ घ्या. त्याचा बोअर ८० मिमी, स्ट्रोक ११० मिमी, मिनिटाला १५०० फेरे. पिस्टन वर जाताना सिलिंडरमधली ५५३ सीसी जागा व्यापतो, हवा दाबतो आणि दाबाचं प्रमाण १६.५ ला १ ठेवलेलं आहे. म्हणजे पिस्टन वर पोचल्यावर सगळी हवा सुमारे ३६ सीसी जागेत कोंबलेली असते. चहाच्या लहान कपात मावेल एवढी ती जागा. डिझेलला ठिणगी नसते, या कोंबलेल्या हवेच्या तापावरच ते पेटतं. आता हेडखाली अर्ध्या मिमीचं एक जास्तीचं पॅकिंग टाकलं तर काय होतं? पिस्टनच्या माथ्यावर अडीच सीसी जागा वाढते आणि प्रमाण १६.५ वरून १५.५ वर येतं. थंडीत पहाटे हँडल मारून दंड भरून येतात, इंजिन नुसतं पांढरं धुरावतं, त्याचं मूळ कित्येकदा या अर्ध्या मिमीत असतं. ते तपासायला मोठी यंत्रं लागत नाहीत. शिशाच्या तारेचा तुकडा पिस्टनवर ठेवायचा, हेड कसायचं, फ्लायव्हील हातानं एक फेरा फिरवायचं, आणि चपटी झालेली तार काढून मायक्रोमीटरनं मोजायची. पिस्टन आणि हेडमधलं अंतर कळतं, ते कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायचं. दहा मिनिटांचं काम आहे. होत नाही, कारण कुणी मागत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे ‘नुसत्या रिंगा टाका, चालून जाईल.’ यात कमी खर्चाचा मोह आहे, म्हणून ते पटतं. पण लायनर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथून परत फिरते तिथं तो सर्वात जास्त खातो आणि तळाशी जवळजवळ कोरा राहतो. रिंगेच्या तोंडाची फट परिघावर पडते आणि परीघ व्यासाच्या ३.१४ पट. म्हणून लायनर व्यासात ०.१ मिमी झिजला की फट ०.३१ मिमीनं वाढते. एवढ्या बोअरला नव्या रिंगेची फट पाव मिमीच्या थोडी वर असावी लागते. म्हणजे झिजलेल्या लायनरमध्ये नवी रिंग पहिल्याच दिवशी दुपटीनं उघडी. शिवाय लायनरच्या माथ्याशी न झिजलेली कड उभी राहते. नखानं ती लागते. नवीकोरी रिंग त्या कडेवर आपटते आणि तुटते. हे मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका. स्वतः रिंग लायनरमध्ये घाला, पिस्टननं सरळ ढकला, आणि वर एकदा, तळाशी एकदा फिलर गेज लावा. दोन फटींतला फरक ३.१४ नं भागला की लायनर वरती किती खाल्ला ते कळतं. बोअर गेज जवळ नसलं तरी एवढं करता येतं. फक्त लायनर एका बाजूनं अंडाकृती झाला असेल तर तो असा सापडत नाही. त्यासाठी लेथवर, नांदेडला किंवा पुसदला, जावंच लागतं.

क्रँकच्या बाबतीत तर आपल्याला काही सांगितलंच जात नाही. ‘क्रँक मारून आणला’ एवढंच कानावर येतं. दहा साईज मारला की वीस, म्हणजे जर्नल पाव मिमी उतरवलं की अर्धा, हे विचारून लिहून घ्या. पुढच्या वेळी बेरिंग त्याच अंडरसाईझचं लागणार आहे, आणि क्रँकला किती वेळा मारायची जागा उरली तेही यावरूनच ठरतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जर्नल जिथं क्रँकच्या पाकळीला मिळतं तिथला कोपरा गोलाईदार असावा लागतो. घाईत ग्राइंडिंग करणारा तो काटकोनात सोडतो. बाहेरून काम चकचकीत दिसतं, पण ताण नेमका त्या कोपऱ्यात साठतो आणि क्रँक तिथंच तडकतो. ऑईलच्या भोकांत ग्राइंडिंगची भुकटी राहिली तर नवं बेरिंग तासाभरात ओरखडलं जातं. भोकातून रॉकेल मारून दुसऱ्या तोंडानं स्वच्छ बाहेर येताना बघा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मिस्त्रीचा तीस वर्षांचा हात आहे, तो आवाजावरून सगळं सांगतो. अनुभवी कानाबद्दल मला आदर आहे. बेरिंग ठोकतंय की व्हॉल्व्ह, हे कान खरोखर ओळखतो. पण काय बिघडलं हे ओळखणं वेगळं आणि किती बिघडलं हे ओळखणं वेगळं. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, इथला हिशेब तेवढाच बारीक आहे, तो कानाला ऐकू येत नाही. दुसरा आक्षेप माणसाचा आहे. मापं मागितली की समोरच्याचा चेहरा बदलतो, ‘तुम्हीच करा मग’ असं उत्तर येतं, आणि ‘मजुरी व सामान’ असा एकच आकडा कागदावर टाकून दिला जातो. हे मला सर्वात जास्त खटकतं. चार गावांत नाव असलेल्या कारागिराला मापांची वही दाखवणं अपमान का वाटावा? लिहिलेलं माप उद्या सामान खरंच खोटं निघालं तर त्याचीच बाजू सांभाळतं. जुना लायनर, रिंगा, बेरिंग परत मागा. देत नसेल तर काम तिथंच थांबवा.

आता सौरपंप असताना डिझेलवर एवढा खल कशाला, असंही विचारतील. सौरपंप जरूर घ्या. पण नदीतला डोह सरकतो, पाणी आटत जातं तसं इंजिन उचलून पुढं न्यावं लागतं, आणि सौरपंपाचे पॅनल जमिनीत रोवलेले असतात. लाईटची पाळी रात्रीची आली तर हातात काय उरतं, हे माहूर-किनवटच्या शेतकऱ्याला सांगायला नको. खरा प्रश्न वेळेचा आहे. नवरात्रात माहूरच्या गडाखाली यात्रा, शेतात सोयाबीनची कापणी, दसरा झाला की हरभऱ्याची पेरणी, आणि तेव्हाच सगळ्यांना इंजिनाची आठवण होते. लेथवर रांग लागते, मग मापं कोण घेणार? कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढलेल्या असतात आणि इंजिनांची कामं त्या दिवसांत निघतात.  आपली रिकामी वेळ चैत्र-वैशाख. नाले कोरडे असतात, मिस्त्रीला सवड असते, चुकलेलं माप पुन्हा घ्यायला दिवस उरतात.

आणि इंजिन खोलायच्या आधी एअर फिल्टर काढा. त्याच्या तळच्या भांड्यातलं ऑईल दोन बोटांत चोळा. ते आटलेलं किंवा गाळानं घट्ट झालेलं असेल तर लायनर कशानं खाल्ला ते तिथंच कळलं. आपल्या डोंगराकडच्या मुरमाची धूळ कानशीसारखी काम करते. तो फिल्टर, त्याचा रबरी पाईप आणि पाईपची तुटलेली पट्टी तशीच ठेवून कितीही महागाचा संच टाकला, तरी नवा लायनर जुन्याच वेगानं झिजणार.