शेततळ्यांतील उपद्रवी मांगूर

शेततळ्यांत कटला व रोहू यांचें बीज सोडण्यापूर्वीं आंत आफ्रिकन मांगूर नाहीं, याची खात्री करून घ्यावी, असें आम्ही आमच्या वाचकांस सुचवितों. हा मासा लहान बीज खाऊन टाकतो. त्याच्या पालनास भारतांत २००० सालापासून बंदी आहे.

केवळ जाळें ओढून तो निघत नाहीं. कारण तो चिखलांत दडतो, व हवेंतून श्वास घेत असल्यामुळें थोड्या पाण्यांतहि जगतो. म्हणून मातीचें तळें उन्हाळ्यांत उपसावें, पंपाच्या तोंडास बारीक जाळी बांधावी, चिखल उलथून मासे वेंचावे व तळ वाळूं द्यावा. तळें उपसणें शक्य नसल्यास, मीटरभर खोल पाण्यांत दर गुंठ्यास सुमारें २५ किलो मोहाची पेंड भिजवून टाकावी. वर येणारे मासे तत्काळ काढावे आणि तीन आठवडे बीज सोडूं नये. तें पाणी ओढ्यांत जाऊं देऊं नये.

पकडलेला मांगूर दया येऊन नदींत सोडूं नये. मुळा-मुठेंत सोडलेला मासा भीमेंत व पुढें उजनीच्या जलाशयांत पोंचूं शकतो, आणि तेथील मासेमारांच्या पोटावर पाय येतो. असे मासे मारून चुन्यासह खोल पुरावे.