मूळव्याधच असेल, असं ठरवण्यापूर्वी

शौचाच्या वेळी रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: उष्णता वाढली, नाहीतर मूळव्याध. मग तिखट बंद होतं, ताक सुरू होतं, बाजारातून सुरण येतो आणि चार दिवसांत रक्त थांबलं की विषय संपतो. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबरच निघतो, आणि माझ्या मते खरी अडचण तीच आहे. सतत चुकणाऱ्या अंदाजावर कुणी विसंबत नाही; बहुधा खरा ठरणारा अंदाज मात्र माणसाला वर्षानुवर्षं तपासणीपासून लांब ठेवतो. मूळव्याध म्हणायला माझी हरकत नाही, फक्त ते कुणीतरी पाहून म्हणावं. ‘रक्त थांबलं’ हा तर फारच कच्चा पुरावा. मूळव्याधीचं रक्त अधूनमधून जातं आणि आपणहून थांबतं, तसंच मोठ्या आतड्यातल्या गाठीचंही. सुरण खाल्ल्यावर रक्त थांबलं म्हणून ते सुरणामुळेच थांबलं, असं होत नाही.

दुखण्यावरून अंदाज बांधणं त्याहून फसवं आहे. ‘दुखत नाही ना, मग काळजी नको’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. जीव जाईल इतकी कळ येते ती फिशरमध्ये, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेमुळे, आणि हा आजार तसा साधा. पुरेसं पाणी, चोथा असलेलं अन्न, इसबगोल आणि कोमट पाण्यात बसणं एवढ्यावर बहुतेक ताज्या चिरा भरून येतात. गुदद्वाराच्या अगदी खालच्या भागाची त्वचा संवेदनशील असते. तिथून थोडं वर गेलं की आतल्या अस्तराला चिरल्याची वेदना कळत नाही. म्हणून आतली मूळव्याध न दुखता रक्त सांडते, आणि गुदाशयातला कर्करोगही सुरुवातीला दुखत नाही. वेदना नसल्यामुळे या दोहोंतलं एकही बाद होत नाही. शिवाय मूळव्याध आहे म्हणजे वर दुसरं काही नाही, असंही नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, आणि तेव्हा जुनी, ओळखीची मूळव्याध नव्या आजाराचा संशयच येऊ देत नाही.

रंगावरून थोडं अधिक कळतं. कागदावर किंवा भांड्यात दिसणारं लालभडक रक्त बहुधा गुदद्वाराजवळचं असतं. पण गुदाशयही जवळच आहे, तेव्हा लाल रंग हा दिलासा नव्हे. मळात मिसळलेलं गडद रक्त वरून आलेलं असू शकतं. शेमेसोबत रक्त पडत असेल तर आव किंवा आतड्याची दीर्घकाळची सूज असू शकते. डांबरासारखा काळा, चिकट, उग्र वासाचा मळ हे बहुधा जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या रक्तस्रावाचं लक्षण, आणि गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी ते विशेष ध्यानात ठेवावं. (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि बीटाने लाल, आधी तेवढं आठवून पाहावं.) काही वेळा रक्त दिसतच नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचं लोह कमी झालं असेल, तर गोळ्या लिहून देणाऱ्याला ‘रक्त जातंय कुठे?’ असं जरूर विचारावं.

यावर आक्षेप येतो की कर्करोगाचं नाव घेऊन लोकांना कशाला घाबरवायचं? मोठ्या आतड्याचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे कमी आढळतो, हे खरंच आहे. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने अशा ८०० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं आणि सर्वांत जास्त आढळलेली तक्रार होती रक्त जाणं. म्हणजे ‘हा म्हातारपणाचा रोग’ ही समजूत इथे उपयोगाची नाही. अमेरिकेतही सरसकट तपासणी सुरू करण्याचं वय २०२१ मध्ये ५० वरून ४५ वर आणण्यात आलं. आणि भीतीपेक्षा मला यातली आशा मोठी वाटते: आतड्याच्या अस्तरावरच्या साध्या मोडापासून (पॉलिप) कर्करोग व्हायला सहसा दहाएक वर्षं लागतात, आणि तो मोड कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करतानाच काढून टाकता येतो.

दुसरा आक्षेप लाजेचा आणि खर्चाचा. डॉक्टरकडे गेलं की लगेच दुर्बीण घालतील, ही धास्ती अनाठायी आहे. पहिली तपासणी हातमोजा घातलेल्या बोटाने आणि प्रॉक्टोस्कोप नावाच्या छोट्या नळीने होते. तिला काही मिनिटं पुरतात. तरुण माणसाला चीर स्पष्ट दिसत असेल तर पुढे काही लागतही नाही. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, घरात कुणाला हा कर्करोग झाला असेल, शौचाच्या सवयी काही आठवडे बदललेल्या असतील, वजन घटत असेल किंवा उपचारानंतरही रक्त येत राहिलं, तर मात्र कोलोनोस्कोपीला टाळाटाळ नको. बाईमाणसाला संकोच वाटत असेल तर स्त्री डॉक्टर मागावी, त्यात गैर काही नाही. लाजेचा खरा फायदा होतो तो भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन’ असं रंगवणाऱ्यांना. तिथे न तपासता टोचलेल्या जळजळीत औषधांनी गुदद्वार आक्रसून गेल्याचे रुग्ण शल्यचिकित्सकांकडे येतात.

रक्त एकदाच आणि थोडं पडलं असेल तर त्या आठवड्यात डॉक्टरला दाखवलं तरी चालेल. पण ते भळाभळा किंवा गुठळ्यांसह पडत असेल, उभं राहताच चक्कर येत असेल, मळ डांबरासारखा काळा झाला असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना रक्तस्राव थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.