कुत्रा घेऊन बागेत जाताना

कुत्रा हे राखणीचे जनावर. शेतावर असला की तो दिवसभर हिंडतो, धावतो, गुरांच्या मागे जातो. त्याला कोणी मुद्दाम फिरवावे लागत नाही. शहरात तसे नसते. चाळीत, वस्तीत, नाही तर चौथ्या मजल्यावरच्या घरात तो दिवसभर बांधलेला असतो. अंगातला जोर कुठे घालवायचा? मग तो भुंकतो, चपला चावतो, दार खरवडतो. आपण म्हणतो, मेला खोडकर झाला. खरे म्हणजे तो कोंडून कंटाळलेला असतो.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी कायदा झाला. त्यात कुत्र्यासाठी एक वेगळे कलम आहे. कुत्र्याला कायम साखळीला बांधून किंवा कोंडून ठेवायचे आणि त्याला पुरेसे फिरवायचे नाही, हासुद्धा त्या कायद्याने छळच ठरतो. म्हणजे कुत्रा पाळला की त्याला फिरवणे आलेच.

पण फिरवायचे कुठे? रस्त्यावर मोटारी. मोकळी जागा म्हणजे बाग, नाही तर मैदान. आणि बाग एकट्या आपली नाही. तिथे म्हातारी माणसे येतात, तान्ही मुले येतात, दिवसभर काम करून दमलेली माणसे घटकाभर बाकावर टेकतात. त्यांच्यामध्ये आपण आपला कुत्रा घेऊन जाणार.

तेव्हा आधी फाटकाशी थांबावे. तिथे पाटी असते. वाचता येत नव्हते तोवर आपण त्या पाटीजवळून तसेच आत जात होतो. आता वाचता येते, तर ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. पाटीवर पुष्कळदा ‘कुत्रा’ असे लिहीत नाहीत. ‘श्वान’ लिहितात, नाही तर ‘पाळीव प्राणी’ लिहितात. श्वान म्हणजे आपला कुत्राच. सरकारी पाटीवर तो जरा नटून येतो! पुढे ‘मनाई’ किंवा ‘प्रतिबंध’ असा शब्द असला, की समजावे, इथे बंदी आहे. मग मुकाट्याने परत फिरावे. माळीदादांशी हुज्जत घालू नये. नियम त्यांनी केलेला नसतो. कुठे ‘ठरावीक वेळेतच’ असे लिहिलेले असते. ती वेळ नीट पाहून घ्यावी.

पाटीवर मनाई नाही, तर खुशाल आत जावे. पण साखळी किंवा पट्टा हातात हवाच. साखळी आखूड धरावी. कुत्रा ज्याच्या ताकदीला आवरेल त्यानेच ती धरावी. सात वर्षांच्या पोराच्या हाती मोठा कुत्रा दिला, तर पोर कुत्र्याला नेत नाही, कुत्राच पोराला नेतो. साखळी बाकाला बांधून आपण गप्पा मारत लांब बसणे, हेही बरे नव्हे.

प्रत्येक बागेत एक वाक्य हमखास ऐकू येते. “अहो, तो काही करत नाही!” कुत्रा मोकळा सुटलेला असतो, एखादी आजी भीतीने अंग चोरून उभी असते, आणि मालक लांबूनच हे सांगत असतो. आम्हांला हे वाक्य मुळीच पटत नाही. तो काही करत नाही, हे मालकाला ठाऊक. आजींना ते कसे ठाऊक असणार? कुत्रा चावला नाही, नुसता अंगावर उडी मारून आला, तरी म्हातारे माणूस पडते. त्या वयात मांडीचे हाड मोडले म्हणजे कायमचे अंथरूण धरायची पाळी येते. तेव्हा आजी म्हणाल्या, “दादा, कुत्रा आवरा हो,” की वाद न घालता साखळी ओढून घ्यावी आणि बाजूने जावे. भीती वाटते म्हणून कोणाला हसू नये. कोणाला लहानपणी कुत्रा चावलेला असतो, ते काही कपाळावर लिहिलेले नसते.

आपल्यापैकी काही जणींना आणि काही जणांना मालकाचा कुत्रा फिरवायचे काम असते. त्यांनी पुढचे नीट ध्यानात घ्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या २९१ व्या कलमात लिहिले आहे, की ज्याच्या ताब्यात जनावर असेल त्याने ते कोणाच्या जिवाला धोका होणार नाही किंवा मोठी दुखापत होणार नाही असे सांभाळले पाहिजे. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने तसे केले नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. ‘ताब्यात’ हा शब्द पाहा. कुत्रा मालकाचा असला, तरी साखळी आपल्या हातात असते. म्हणून काम धरतानाच विचारावे, “बाई, याला लस टोचली आहे ना? कार्ड दाखवा.” कुत्रा अंगावर जाणारा असेल तर तोंडाला घालायचे मुसके मागून घ्यावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

लशीचे एवढे का म्हणून विचाराल. कुत्रा पिसाळतो तो रेबीज नावाच्या रोगाने. त्याचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. ते चावले, त्याने ओरबाडले, नाही तर आपल्या जखमेवर चाटले, की तो आपल्या अंगात शिरतो. मग तो हळूहळू मेंदूकडे सरकतो. त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की माणूस बहुतेक वाचत नाही. पण त्याआधी लस घेतली तर वाचतो. फ्रान्स देशात १८८५ साली एका नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला होता. लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने त्याला आपली नवी लस टोचवली. मुलगा जगला. तेव्हापासून हा रोग टाळता येऊ लागला.

म्हणून पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की त्याला रेबीजची पहिली लस टोचून घ्यावी. पुढे गुरांचे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी टोचावी. मुंबई, पुणे अशा शहरांत कुत्रा पाळायला महानगरपालिकेचा परवाना लागतो. त्यासाठीही लशीचा दाखला हवा असतो. कुत्रा जातिवंत असो की गावठी, लस दोघांनाही सारखीच लागते.

एवढे करूनही बागेत कोणाला कुत्रा चावलाच तर? मग तो आपला असो की मोकाट असो. आधी नळाखाली साबण लावून जखम धुवावी. नुसती भिजवू नये. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. पंधरा मिनिटे पुष्कळ वाटतात, पण साबण आणि पाणी यांनी बराचसा विषाणू तिथेच निघून जातो. जखमेवर हळद, चुना, मिरची, तेल यांतले काहीही भरू नये. मंतरलेला दोरा बांधून घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पूर्वी पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, म्हणून लोक भिऊन जात नसत. ती लस आपल्याकडे कधीच बंद झाली. आता सुई दंडात देतात आणि ती चार-पाच वेळाच असते. जखम रक्ताळलेली असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात. डॉक्टरांनी सांगितलेली प्रत्येक तारीख पाळावी. दोन सुया घेतल्या, बरे वाटले, आता बस, असे करू नये. चावणारा कुत्रा आपला असला तर पळून जाऊ नये. नाव-पत्ता द्यावा, कार्ड दाखवावे, आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. ज्याला चावला त्याने मात्र हे दहा दिवस वाट पाहायची नाही; पहिली सुई लगेच घ्यायची.

मोकाट कुत्रा गुरगुरत अंगावर आला तर पळू नये. पळणाऱ्याच्या मागे तो लागतोच. झाडासारखे स्थिर उभे राहावे, हात अंगाशी घ्यावे, त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. मग तोंड त्याच्याकडेच ठेवून सावकाश मागे सरावे. मुलांना घरी हा खेळ म्हणून शिकवावा.

आता घाणीचे बोलू. कुत्र्याने हिरवळीवर शी केली, तर ती उचलणे हे आपले काम. रद्दी कागद किंवा पिशवी बरोबर ठेवावी, उचलावे आणि कचरापेटीत टाकावे. कुत्र्याच्या शीत जंतांची अंडी असू शकतात. ती मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. मुले त्याच मातीत खेळतात आणि तेच हात तोंडात घालतात. घसरगुंडी आणि झोपाळ्यांजवळ तर कुत्र्याला नेऊच नये. कुत्र्याला जंताचे औषधही वेळच्या वेळी द्यावे.

थोडे कुत्र्याच्या बाजूनेही पाहावे. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेवढाच त्याला गारवा. म्हणून उन्हाळ्यात दुपारी त्याला बाहेर काढू नये. डांबरी रस्त्यावर आपला उलटा हात ठेवून पाहावा. पाच अंक मोजेपर्यंत चटका सोसवला नाही, तर त्याचे पायही भाजतील. प्यायचे पाणी घरून न्यावे. पावसाळ्यात डबक्याचे पाणी त्याला पिऊ देऊ नये. त्यात उंदरांचे मूत मिसळलेले असते आणि त्यातून लेप्टो होतो. तो कुत्र्यालाही होतो, माणसालाही होतो. लोकांनी टाकलेले कांद्याचे तुकडे, द्राक्षे, चॉकलेट यांतले काहीही त्याच्या तोंडी लागू देऊ नये. आपल्याला गोड लागणारे चॉकलेट त्याला विषासारखे बाधते.

घरी आल्यावर त्याच्या कानात, काखेत आणि पायांच्या बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधावी. गवतातून ती चिकटून येते. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरावी आणि सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. मग हात साबणाने धुवावे, आणि त्याचे पाण्याचे भांडे भरून ठेवावे.