तंबूच्या दारात की देवापुढे?

वाचन: गणना 11:1-17, फिलिप्पैकरांस 4:10-13

गणनाचा अकरावा अध्याय वाचताना आपण इस्राएल लोकांना नावं ठेवून मोकळे होतो. आज जरा सावकाश वाचूया.

रोज मान्ना मिळत होता. पण लोकांना आठवली ती मिसरातली मासळी, काकड्या, कांदा, लसूण. फुकट खात होतो म्हणे! विटा थापताना पाठीवर पडलेले फटके मात्र कुणालाच आठवले नाहीत. आता दहावं वचन पाहा. घरोघरी लोक आपापल्या तंबूच्या दारात रडत होते. ज्याने मान्ना दिला, त्याच्यापुढे जाऊन कुणी काही मागितलं नाही.

त्याच अध्यायात मोशेही बोलतो, आणि त्याचे शब्द लोकांपेक्षा कडू आहेत. या सगळ्यांना मी जन्म दिला काय, हे ओझं मला एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, अशा अर्थाचं तो थेट देवाला सुनावतो. देव त्याच्यावर रागावत नाही. सत्तर वडील निवडायला सांगतो आणि ओझं वाटून देतो. मोशेचं गाऱ्हाणं योग्य ठिकाणी पोचलं होतं.

आपल्या गडमुडशिंगीकडं हंगामात काय चालतं बघा. ऊस उभा, तुरा आलेला, वजन घटतंय आणि तोड काही लागत नाही. काळजी खरीच आहे. पण ती कट्ट्यावर बोलून संपत नाही, संध्याकाळी घरी येते. मग भाकरी करपली, पोराचे मार्क कमी पडले, कशावरूनही घरात आवाज चढतो. तोड मुकादमाच्या हातात आणि बोलणी खाते बायको! कुरकुरीचा खरा तोटा हाच, ती भलत्याच माणसाला भरावी लागते.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘समाधानी राहा’ हे वचन काही जण सुनेला, मजुराला गप्प बसवायला वापरतात. ते मला पटत नाही. पौलाने समाधान शिकल्याचं कुणाला लिहिलं? फिलिप्पैच्या मंडळीला. त्याच गावात त्याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकलं होतं. मध्यरात्री तो सीलासोबत गीते गात होता, आणि सकाळी गुपचूप निघून जा म्हटल्यावर म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं (प्रे. कृत्ये 16). दोन्ही एकाच माणसाने केलं.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. कुरकुरीला कारणं काय कमी होती? तरी 1897 मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं ते पुण्याच्या प्लेग दवाखान्यात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल, आपल्या नशिबाबद्दल नाही. त्याच सुमारास दुष्काळातल्या मुलींना त्या केडगावला आणून सांभाळत होत्या. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. हातात बायबलचं मराठी भाषांतर होतं, ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्यांनी डोळे मिटले, तेव्हा ते पूर्ण झालेलं होतं.

पौल समाधान ‘शिकलो’ म्हणतो. जन्मतः कुणाकडे ते नसतं. आज जे मनात सलतंय ते आधी प्रभूला सांगा, अगदी मोशेसारखं, न सजवता. मग ज्याच्या हातात ते काम आहे त्याच्याकडे जा, अर्ज द्या, विचारा. आणि जेवायला बसताना ताटातल्या भाकरीसाठी उपकार माना.

प्रार्थना: प्रभू येशू, तोडीची वाट पाहणाऱ्या आमच्या शेतकऱ्यांना आणि पाचटात राबणाऱ्या टोळीतल्या मायबहिणींना आज सांभाळ. माझ्या जिभेचा ताप माझ्या घरच्यांना होऊ देऊ नको. आमेन.