तळघरात वायर छताजवळून न्यावी

सराउंड साउंड म्हणजे एकच आवाज पाच स्पीकरमधून ऐकणे नव्हे. ५.१ रचनेत ध्वनीचे सहा स्वतंत्र मार्ग असतात: समोर डावा, मधला आणि उजवा, श्रोत्याच्या बाजूंना किंचित मागे दोन, आणि सहावा, ज्याला ‘पॉइंट वन’ म्हणतात, तो फक्त खर्जाचा. प्रत्येक मार्गाला आपली वायर लागते आणि मागच्या दोघांची वायर सर्वांत लांब असते. घरात मात्र स्पीकर कोणते घ्यायचे यावर महिनाभर खल होतो आणि वायर कुठून न्यायची हे गवंडी व वायरमन चहा संपेपर्यंत ठरवून टाकतात. वरच्या मजल्यावर हे खपून जाते. तळघरात खपत नाही, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या गावी तर मुळीच नाही.

विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक असलेला कळंबचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते, तिथेच कुंड आहे, आणि काही वर्षांनी कुंडाचे पाणी चढून गणेशाच्या चरणांना लागते अशी त्याची ख्याती आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. घर बांधणाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की या गावात खाली उतरणे म्हणजे पाण्याच्या जवळ जाणे. त्यात भर काळ्या मातीची. ही चिकण माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षीच्या या ओढाताणीत तळघराच्या भिंतीला आणि फरशीला बारीक तडे जातात, आणि ओल तिथूनच शिरते.

ज्या तळघरावरून हे टिपण तयार झाले ते प्रस्तुत लेखकाच्या घरचे: १६ फूट लांब, ११ फूट रुंद, ८ फूट उंच, धान्य आणि अवजारे ठेवण्यासाठी बांधलेले. काम मे महिन्यात झाले, तेव्हा खोली खडखडीत कोरडी होती. मागच्या स्पीकरसाठी फरशीत झिरी मारून पाऊण इंची पाइप पुरला. पाइपचे सांधे सोल्युशन न लावता नुसते एकमेकांत खोचले. उजव्या बाजूची वायर दीड मीटर कमी पडली, म्हणून पाइपातच जोड देऊन वर काळी टेप गुंडाळली. जुलैच्या मध्यावर उजवा स्पीकर खरखरू लागला आणि आठवड्यात मुका झाला. फरशी फोडली तेव्हा पाइप पाण्याने भरलेला होता आणि जोडावरचे तांबे हिरवे पडून भुगा झाले होते. फोडणे आणि पुन्हा बसवणे यांचा खर्च वायरच्या किमतीच्या वर गेला. त्याहून वाईट म्हणजे अॅम्प्लिफायरचा एक्स्टेंशन बोर्ड त्याच ओल्या फरशीवर पडून होता. कोणाला झटका बसला नाही, हा केवळ योग.

म्हणून तळघरात वायर छताखाली सुमारे एक फुटावरून, भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून न्यावी आणि स्पीकरच्या जागी सरळ खाली उतरवावी. पट्टी दिसते, शोभेची नसते, हे खरे. पण तिचे झाकण नखाने उघडते. फरशीला छिन्नी लागते. वरून गेल्याने अंतर वाढते: वरील खोलीत फरशीतून ७ मीटर लागणारी वायर वरून १० मीटर लागली. मोजमाप सुतळीने प्रत्यक्ष वळणे घेत करावे, प्रत्येक टोकाला मीटरभर जास्त धरावे आणि मध्ये एकही जोड देऊ नये. उंदरांचा उपद्रव असेल तर पट्टीऐवजी वरूनच बंद पाइप फिरवावा. पाइप २५ मिलिमीटरचा, वळणे मोठी, आणि आत एक नायलॉनची दोरी कायम सोडलेली असावी, म्हणजे पुढे एखादी वायर ओढायची झाल्यास स्प्रिंग घालत बसावे लागत नाही. एचडीएमआय केबलचे डोके पाऊण इंची पाइपच्या कोपऱ्यातून जात नाही, हे बहुतेकांना पाइप पुरल्यावर कळते.

विजेची वायर आणि स्पीकरची वायर एका पाइपात कधीही घालू नये. दोन्हींत फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडावी. ‘हं’ असा सतत येणारा गुंजारव बहुधा स्पीकरच्या वायरमधून येत नाही. तो सबवूफरला जाणाऱ्या बारीक आरसीए केबलमधून किंवा दोन वेगवेगळ्या अर्थिंगमधून येतो. टीव्ही एका बोर्डावर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर असेल तर आधी दोन्ही एकाच बोर्डावर आणून पाहावे. गुंजारव घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही दुकानदार देतात. तळघरात तो जिवावर बेततो. उलट तळघराच्या सर्व विजेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा, आणि तो वरच्या मजल्यावर हवा, म्हणजे खाली पाणी असताना पायऱ्या न उतरता बंद करता येतो. सॉकेट फरशीपासून कमरेच्या उंचीवर घ्यावेत.

वायरच्या जाडीचा प्रश्न वाटतो तेवढा गूढ नाही. वायरचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत असला की पुरे. १० मीटर अंतराला जाऊन-येऊन २० मीटर तांबे लागते; १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये त्याचा रोध सुमारे ०.२३ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरला हे ३ टक्के, म्हणजे ठीक. ४ ओहमच्या स्पीकरला तीच वायर ६ टक्क्यांवर जाते, तिथे २.५ चौरस मिलिमीटर घ्यावी. स्वस्त संचाबरोबर मिळणारी अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोरीसारखी वायर ८ ओहमलाही ८ टक्क्यांच्या पुढे नेते. तरीही ‘ऑक्सिजन-फ्री’ नावाखाली सोन्याच्या भावाने विकली जाणारी वायर घेण्याचे कारण नाही. आयएसआय शिक्क्याची साधी घरगुती वायर पिळून जोडी केली की काम तेच होते. मात्र पुढे येणारा वायरमन तिला विजेची समजू शकतो, म्हणून दोन्ही टोकांना ठळक चिठ्ठी हवी. स्पीकरला टू-पिन प्लग लावण्याची मंडपवाल्यांची सवय घरात आणू नये. कोणीतरी तो प्लग २३० व्होल्टमध्ये खोचतोच.

स्वस्ताईचा खरा सापळा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा आहे. बंडलावर ‘सीसीए’ अशी बारीक अक्षरे असतात किंवा नसतातही. एक तंतू ब्लेडने खरवडावा. आत पांढरे निघाले तर ते ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि ओलीत त्याची टोके लवकर कुजतात.

अॅम्प्लिफायर नागपूरच्या बाजारातून असेंबल केलेला घेतला तर पैसे बरेच वाचतात, पण दोन गोष्टी विचाराव्यात. एक, तो किती ओहम सोसतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, ४ चे दोन जोडले की २. आणि २ ओहमवर साध्या बोर्डाची आयसी जळते. दुसरी, आत डिकोडर आहे का. पुष्कळ स्वस्त ‘५.१’ बोर्ड स्टीरिओचाच आवाज गाळून पाच ठिकाणी वाटतात; त्यात मागून येणारे हेलिकॉप्टर समोरूनच येते. खऱ्या डिकोडरला टीव्हीची ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी जोडणी लागते, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनी ‘पीसीएम’वर असेल तर पुष्कळ टीव्ही सहाऐवजी दोनच मार्ग पाठवतात. तिथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ निवडावे. दुरुस्तीला आलेले काही संच एवढ्यानेच दुरुस्त होतात.

स्पीकरची जागा बसणाऱ्याच्या डोक्यावरून मोजतात. समोरचे दोन मध्यरेषेपासून ३०-३० अंशांवर, बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरा मागे. अगदी पाठीमागच्या भिंतीवर ते ठोकणे ही नेहमीची चूक. बैठक मागच्या भिंतीला टेकवणे ही तिची जोड. बंद काँक्रीटच्या खोलीत खर्ज घुमतो. १६ फूट लांबीला सुमारे ३५ हर्ट्झवर आणि ८ फूट उंचीला ७० हर्ट्झवर तो फुगतो, आणि भिंतीजवळ बसणाऱ्याला सर्वांत जास्त. सबवूफरची जागा शोधायची साधी युक्ती आहे: तो तात्पुरता बैठकीच्या जागी ठेवावा, एखादे ढोलाचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने रांगत ऐकत जावे. जिथे खर्ज भरीव पण सुटसुटीत ऐकू येतो तिथे सबवूफर. रांगताना घरच्यांनी पाहिले तर हसणारच.

भिंतींचा प्रतिध्वनी मोडायला बाजारातला रंगीत फोम जवळजवळ निरुपयोगी. तो फक्त किनरा आवाज शोषतो. कापसाच्या जिल्ह्यात त्याहून चांगला माल घरातच असतो. पिंजून घेतलेल्या जुन्या कापसाच्या गाद्या लाकडी चौकटीत बसवून भिंतीपासून चार इंच सोडून उभ्या केल्या की मधला आवाज आणि वरचा खर्ज दोन्ही आटोक्यात येतात. खाली सतरंजी पुरते. चार इंचांची पोकळी आवाजासाठी आहे तशी हवेसाठीही. भिंतीला चिकटलेली गादी श्रावणात बुरशी धरते. सॉकेटच्या आसपास मात्र कापूस नको.

जोडणी झाल्यावर धन-ऋण तपासावे. अॅम्प्लिफायरकडची वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या लाल टोकाकडे असताना पडदा बाहेर उसळला तर जोडणी बरोबर. एक स्पीकर उलटा असेल तर तो बंद पडत नाही, पण समोरचा आवाज पोकळ होतो आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. रोहिणी लागण्याआधी एकदा सर्व टोके उघडून पाहावीत, हिरवट झालेला अर्धा इंच कापून नवे तांबे सोलावे आणि स्क्रू पुन्हा आवळावेत. टोकाला सोडलेली मीटरभर वायर त्यासाठीच असते.