नेतृत्वाची उमेदवारी : फ्रँक वाइल्ड आणि अंटार्क्टिका

नेता हा जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, असे आपण सर्रास म्हणतो. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीपासून गावच्या राजकारणापर्यंत हे वाक्य कानी पडते. ते एकदा मान्य केले, की ज्याला सभा गाजविता येत नाही किंवा ज्याच्या पाठीशी मोठे घराणे नाही, त्याने पुढे होण्याचे कारणच उरत नाही. हे मत कितपत खरे आहे, ते तपासण्यासाठी प्रस्तुत लेखात एका माणसाचे उदाहरण घेतले आहे. हा माणूस प्रसिद्ध नेता नव्हे, तर एका प्रसिद्ध नेत्याचा दुय्यम होता. त्याचे नाव फ्रँक वाइल्ड.

अंटार्क्टिकाच्या इतिहासात सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. १९१६ साली आपल्या माणसांच्या सुटकेसाठी मदत आणण्याकरिता ते एका लहान होडीतून सुमारे १३०० किलोमीटर खवळलेला समुद्र ओलांडून गेले, ही कथा अनेकांनी वाचली असेल. परंतु ते गेल्यावर मागे राहिलेल्या बावीस माणसांचे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. नेतृत्वाचा अभ्यास करणाऱ्याने तो आवर्जून विचारावा.

पहिली पायरी : अनुयायी

वाइल्डचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वडील शाळामास्तर. सोळाव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर नोकरीस लागला आणि पुढे आरमारात शिरला. १९०१ मध्ये कॅप्टन स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावर तो एक साधा खलाशी म्हणून दक्षिणेकडे निघाला. मार्च १९०२ मध्ये हिमवादळात सापडलेल्या तुकडीतील एक खलाशी घसरून समुद्रात पडला व मृत्यू पावला. त्या प्रसंगी वाइल्डने पुढाकार घेऊन आपल्याबरोबरच्या उरलेल्या खलाशांना जहाजापर्यंत परत आणले. त्याच्यातला धीर तेव्हाच दिसला होता. पण एका प्रसंगाचा धीर म्हणजे नेतृत्व नव्हे.

खरे शिक्षण झाले ते १९०८-०९ मध्ये, शॅकल्टन यांच्या ‘निमरॉड’ मोहिमेत. दक्षिण ध्रुवाच्या दिशेने निघालेल्या चौघांपैकी वाइल्ड एक होता. स्वयंपाकाची पाळी प्रत्येकावर आलटून पालटून येई. अन्नाचे वाटे करण्याची त्यांची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने एका वाट्याकडे बोट दाखवून ‘हा कोणाचा?’ असे विचारायचे, आणि पाठमोऱ्याने कोणाचेही नाव घ्यायचे. उपाशी माणसांच्या मनात संशयाला जागा राहू नये, म्हणून ही व्यवस्था. नेत्याने न्यायी असणे पुरेसे नाही. त्याचा न्याय सर्वांना डोळ्यांनी दिसावा लागतो.

९ जानेवारी १९०९ रोजी ध्रुव अवघा सुमारे १८० किलोमीटर उरला असताना शॅकल्टन मागे फिरले. पुढे गेले असते तर ध्रुव कदाचित गाठला असता, पण परतण्याइतके अन्न उरले नसते. परतीच्या वाटेवर वाइल्ड आजारी पडला. ३१ जानेवारीला शॅकल्टन यांनी आपल्या वाट्याचे न्याहारीचे एकमेव बिस्किट बळेच त्याच्या हाती दिले. हजारो पौंडांनीही त्या बिस्किटाचे मोल झाले नसते, अशा अर्थाची नोंद वाइल्डने रोजनिशीत केली आहे. विद्यार्थी मित्रहो, नेतृत्वावरील व्याख्यानात हे दोन धडे शब्दांनी सांगता येतील. पण वाइल्डला ते भुकेल्या पोटी मिळाले, म्हणून ते आयुष्यभर टिकले.

दुसरी पायरी : लहान तुकडी

यानंतर डग्लस मॉसन यांच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेत वाइल्डला पश्चिमेकडील ठाण्याचे प्रमुखपद मिळाले. त्याच्यासह माणसे आठ. बाकी सातजणांना ध्रुवप्रदेशाचा अनुभव नव्हता. मुख्य ठाण्यापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर झोपडी बांधून ही मंडळी फेब्रुवारी १९१२ पासून वर्षभर राहिली. अज्ञात किनाऱ्याची पाहणी करून आठहीजण सुखरूप परतले. त्याच मोहिमेत मॉसन यांच्या स्वतःच्या तुकडीतील तिघांपैकी दोघे दगावले, हे ध्यानात घेतले म्हणजे या आठांचे मोल कळते. येथे वाइल्डच्या वर हुकूम देणारा कोणी नव्हता. चूक झाली तर तिचा जाब त्यालाच द्यावा लागणार होता. मात्र जबाबदारी आठांचीच होती, बावीसांची नव्हे. शिक्षणात ही क्रमवारी महत्त्वाची आहे.

तिसरी पायरी : एलिफंट बेट

१९१४ साली ‘एन्ड्युअरन्स’ जहाज निघाले तेव्हा वाइल्ड शॅकल्टन यांचा दुय्यम होता. जानेवारी १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकले आणि ऑक्टोबरात सोडून द्यावे लागले. प्रत्येकाने जवळ फक्त दोन पौंड, म्हणजे किलोपेक्षाही कमी, खाजगी सामान ठेवावे असा हुकूम झाला. तरीही एका सहकाऱ्याचा बँजो शॅकल्टन यांनी मुद्दाम बरोबर घेतला. उबदार कातडी पिशव्या अठराच होत्या, बाकीच्या लोकरीच्या. त्या वाटल्या गेल्या तेव्हा कातडी पिशव्या साध्या खलाशांकडे गेल्या. वाइल्ड हे सारे जवळून पाहत होता.

एप्रिल १९१६ मध्ये अठ्ठावीसजण होड्यांतून एलिफंट बेटावर पोहोचले. २४ एप्रिलला शॅकल्टन पाच साथीदारांसह मदत आणण्यास निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी लेखी पत्र देऊन वाइल्डकडे पूर्ण अधिकार सोपविला. अधिकार देताना तो अर्धवट द्यायचा आणि सूत्रे आपल्याच हाती ठेवायची, हा दोष आपल्या संस्थांत पुष्कळदा आढळतो. तो येथे नव्हता.

पुढचे १२८ दिवस वाइल्डच्या परीक्षेचे होते. दोन होड्या उपड्या घालून खाली दगडांच्या भिंती रचल्या, आणि त्या खोपटात बावीसजण राहिले. खाणे पेंग्विन आणि सीलचे, दिवा चरबीचा. ब्लॅकबरो नावाच्या तरुणाची हिमदंशाने सडलेली पायाची बोटे दोघा डॉक्टरांनी त्याच खोपटात कापली. दर शनिवारी बँजोवर गाणी होत. जवळच्या एका स्वस्त पाकपुस्तकातील कृती मोठ्याने वाचून मंडळी मनातल्या मनात जेवत. आणि रोज सकाळी वाइल्ड सर्वांना अंथरुणे गुंडाळून ठेवायला लावी. कारण ‘साहेब’ आजच येण्याचा संभव होता. चार महिने हे रोज चालले. यात भोळा आशावाद नव्हता. शिस्त आणि आशा यांना त्याने एकाच कामात बांधले होते.

त्याचे सर्व निर्णय निर्दोष होते, असे मात्र नाही. मांसाचा मोठा साठा करण्यास तो राजी नसे, कारण साठा करणे म्हणजे सुटका लांबल्याची कबुली देणे. यावर एका सहकाऱ्याने आपल्या रोजनिशीत सडकून टीका केली आहे, आणि शेवटी अन्न खरोखरच अगदी संपत आले होते. माणसांचे मन सांभाळावे की पोट, या पेचाला तयार उत्तर नसते. विद्यार्थ्यांनी हा प्रश्न वर्गात चर्चेसाठी जरूर घ्यावा.

बर्फामुळे तीन प्रयत्न फसल्यावर ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीचे ‘येल्चो’ हे जहाज घेऊन शॅकल्टन आले. बावीसच्या बावीसजण जिवंत होते.

एक मर्यादा

येथे गोष्ट संपविली तर ती खोटी ठरेल. १९२२ च्या जानेवारीत शॅकल्टन यांचे निधन झाल्यावर त्यांची शेवटची मोहीम वाइल्डनेच पुरी केली. पण पुढे दक्षिण आफ्रिकेत त्याची कापसाची शेती बुडाली, मद्यपान वाढले, आणि १९३९ साली तो तेथेच वारला. बर्फावर मिळविलेले नेतृत्व बाजारात आणि शेतात आपोआप उतरत नाही, ते नव्या ठिकाणी पुन्हा शिकावे लागते, हाही या चरित्राचा धडा आहे. २०११ मध्ये त्याच्या अस्थी दक्षिण जॉर्जिया बेटावर नेऊन शॅकल्टन यांच्या समाधीच्या उजव्या बाजूस पुरण्यात आल्या.

आपल्यासाठी

वाइल्डला जे योगायोगाने मिळाले, ते पुढे शिक्षणसंस्थांनी हेतुपूर्वक देण्यास सुरुवात केली. कुर्ट हान यांच्या प्रेरणेने १९४१ साली वेल्समध्ये ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा निघाली. आपल्याकडे दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था १९५४ साली आणि उत्तरकाशीची १९६५ साली स्थापन झाली.

परंतु हिमालय गाठेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या महाविद्यालयाची तुकडी सह्याद्रीत पदभ्रमणाला जाते, तेव्हा बहुधा एकच धडधाकट, बोलका विद्यार्थी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढारी असतो आणि बाकीचे त्याच्या मागून चालतात. त्याऐवजी रोज पुढारी बदलावा. पाणी, वाट, भाकरीचे वाटप आणि सर्वांत मागे पडलेला सोबती, या चारही गोष्टी त्या दिवशी त्याच्या हवाली कराव्यात, आणि प्राध्यापकांनी, जिवाला धोका नसेल तोवर, गप्प राहावे. रात्री शेकोटीजवळ त्याने आपल्या चुका स्वतःच्या तोंडाने सांगाव्यात. जो आजवर कधी पुढे आला नाही, त्याची पाळी चुकवू नये. कारण एखाद्या वर्गातला वाइल्ड बहुधा शेवटच्या बाकावर बसलेला असतो.