खासगी किंवा अल्पसंख्याक शाळेत शिक्षक व्हायचंय? पैसे कुठे लागतात, कुठे बुडतात

सोलापुरात शिक्षक व्हायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो. नातेवाइकांतलं कुणीतरी सांगतं, अमुक संस्थेत इतके लाख ठेवले की काम होतं. क्लासवाले सांगतात, आमची बॅच लावा, बाकी आमच्यावर सोडा. प्रत्यक्षात कायद्याने मागितलेल्या परीक्षांचं सगळं शुल्क मिळून चार आकड्यांच्या पुढे जात नाही. घरचा पैसा बुडतो तो चुकीच्या अभ्यासक्रमात आणि मान्यता नसलेल्या नेमणुकीत.

म्हणून आधी ठरवा, कोणत्या इयत्तांना शिकवायचं. पहिली ते पाचवीसाठी बारावीला 50 टक्के आणि दोन वर्षांचा डी.एल.एड., म्हणजे जुना डी.एड. लागतो. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीला पदवी व बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी व बी.एड. बी.एड. मोठी पदवी आहे, मग ती पहिलीलाही चालेल, असं अजूनही पुष्कळ पालक आणि काही संस्थाचालकसुद्धा समजतात. ती चालत नाही. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही पहिली ते पाचवीची पात्रता नाही, हे स्पष्ट केलं. एखाद्या मुलीला घराजवळच्या प्राथमिक शाळेतच शिकवायचं असेल आणि घरचे कर्ज काढून तिला बी.एड.ला घालत असतील, तर ती दोन वर्षं आणि ते कर्ज, दोन्ही त्या नोकरीच्या कामाची नाहीत. हे प्रवेश घेण्याआधी कळायला हवं.

अभ्यासक्रमाची फी हा या वाटेवरचा सर्वांत मोठा रास्त खर्च. बी.एड. महाविद्यालयांची फी एकसारखी नसते. विनाअनुदानित महाविद्यालयाने किती घ्यायचे, हे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि तो आकडा महाविद्यालयनिहाय पाहता येतो. प्रवेशाच्या खिडकीवर त्याहून जास्त मागितले तर पावती मागा. पावतीशिवायचा पैसा हा देणगीचा, आणि प्रवेशासाठी देणगी घ्यायला राज्यात 1987 च्या कायद्याने बंदी आहे.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला ही लागते. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. 2025 च्या परीक्षेला एका पेपरचे 1,000 रुपये आणि दोन्ही पेपरचे 1,200 रुपये होते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 700 आणि 900. पहिला पेपर पाचवीपर्यंतच्या, दुसरा सहावी ते आठवीच्या शिक्षकांसाठी. प्रत्येकी 150 गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के, मागासवर्गीयांना 55. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. सात वर्षांची जुनी मुदत सांगून पुन्हा परीक्षेला बसवू पाहणाऱ्या क्लासचं ऐकू नका. दोन्ही पेपरची पात्रता असेल तर दोन्ही एकदमच द्या, दुसरा पेपर जेमतेम 200 रुपयांत पडतो.

सोलापूरकरांसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. टीईटीत पहिली भाषा म्हणून मराठी, इंग्रजी, उर्दूबरोबर कन्नड आणि तेलुगूही निवडता येते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कन्नड शाळांत शिकलेल्या किंवा शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलत वाढलेल्या उमेदवाराने अर्ज भरताना सवयीने मराठी-इंग्रजीवर टिचकी मारू नये. भाषेचे दोन विभाग प्रत्येकी 30 गुणांचे असतात, म्हणजे 150 पैकी 60 गुण भाषांचे. सीबीएसई घेते ती केंद्रीय पात्रता परीक्षा, सीटीईटीही आपल्याकडे ग्राह्य धरतात. तिचं शुल्क एका पेपरला 1,000, दोन्हींना 1,200, आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना निम्मं.

अनुदानित शाळेत जायचं तर टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीही द्यावी लागते. टीईटी आणि टेट या दोन नावांत गल्लत करून फक्त एकच परीक्षा देणारे आजही भेटतात. टेट 200 गुणांची, दोन तासांची, संगणकावर. 2025 ला शुल्क 950, मागासवर्गीयांना 850 रुपये होतं. तिचे गुण शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर जातात आणि तिथून शाळांची यादी लागते. खुल्या गटातल्या उमेदवाराने टीईटी, सीटीईटी दोन्ही पेपरांसह आणि टेट असं सगळं दिलं, तरी बेरीज 3,350 रुपये होते. पुढच्या परीक्षेचं शुल्क त्या-त्या जाहिरातीत पाहूनच भरा. अभ्यासाला बालभारतीची पहिली ते आठवीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. क्लास लावायचाच असेल तर ती वाचून झाल्यावर लावा.

अल्पसंख्याक शाळांचा विषय सोलापुरात घरोघरी निघतो, कारण हे शहरच चार भाषांचं. पद्मशाली शिक्षण संस्थेची कुचन प्रशाला, पानगल अँग्लो उर्दू हायस्कूल, सेंट जोसेफ अशा शाळा वेगवेगळ्या समाजांनी उभ्या केल्या आणि त्यांतून पिढ्या शिकल्या. पण शाळा कुणी काढली एवढ्यावरून कायद्यातला अल्पसंख्याक दर्जा आहे, असं धरून चालू नये. धार्मिक असो वा भाषिक, त्याचं प्रमाणपत्र राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाकडून मिळतं, आणि तेच पाहायला मागायचं. राज्यघटनेच्या कलम 30 प्रमाणे अशा संस्थेला आपला शिक्षक निवडायची मोकळीक आहे. तिथे टीईटी लागते का, यावर 1 सप्टेंबर 2025 रोजी महाराष्ट्रातून गेलेल्याच एका प्रकरणात, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. टीईटीची अट ज्यातून येते तो शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही, असं 2014 ला पाच न्यायमूर्तींनी ठरवलं होतं. त्याचा फेरविचार व्हावा, म्हणून या निकालात दोन न्यायमूर्तींनी तो मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवला. बाकीच्या शाळांसाठी मात्र निकाल रोखठोक आहे: ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही.

माझा सल्ला स्पष्ट आहे. अल्पसंख्याक शाळेत नोकरी लागणार असली तरी टीईटी द्या. हजार रुपयांची परीक्षा टाळून तीस वर्षांची नोकरी एका प्रलंबित निकालावर टांगती ठेवू नका. शिवाय उद्या शाळा बदलायची वेळ आली तर प्रमाणपत्र तुमच्याबरोबर येतं.

मदरसा आणि वेदपाठशाळा यांची गोष्ट निराळी. मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्या आहेत. मात्र डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतून गणित-विज्ञानासारखे विषय शिकवायला डी.एड., बी.एड. शिक्षक नेमतात. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांचं मानधन 6,000 वरून 16,000 आणि 8,000 वरून 18,000 करायचं ठरवलं.

अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात: प्राथमिकला महिना 16,000, माध्यमिकला 18,000, कनिष्ठ महाविद्यालयात 20,000. त्यानंतर वेतनश्रेणी, सातव्या आयोगात प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सरकारी पगार कधीच येत नाही. 'पुढे अनुदान मिळेल, तोवर थोडं सांभाळून घ्या' असं तिथे कुणी म्हणालं, तर त्या आशेवर एक रुपयाही देऊ नये.

आणि आता त्या लाखांबद्दल. नेमणुकीसाठी दिलेल्या रकमेची पावती नसते, म्हणून ती परत मागायचा आधारही नसतो. 2019-20 च्या टीईटी घोटाळ्यात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. 2025 मध्ये नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगारासाठीच्या ओळख क्रमांकाचं, प्रकरण उघडलं. पैसे देऊन मिळवलेलं प्रमाणपत्र किंवा आयडी नंतरच्या तपासणीत अडकतं, आणि अडकतो तो शिक्षक.

त्याऐवजी 10 रुपये खर्च करा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या, पहिली ते आठवीसाठी प्राथमिक विभागाकडे, पुढच्या वर्गांसाठी माध्यमिककडे. मागायचं इतकंच: शाळेच्या चालू वर्षाच्या संचमान्यतेची (मंजूर पदांच्या सरकारी आदेशाची) प्रत, त्यातली मंजूर आणि रिक्त पदं, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही), आणि शाळा अल्पसंख्याक असेल तर दर्जाचं प्रमाणपत्र. प्रतींना पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. संचमान्यतेत पदच नसेल तर संस्थाचालकाचा शब्द कितीही गोड असो, त्या नेमणुकीला मान्यता यायची नाही.

रुजू होताना नियुक्ती आदेशावर जावक क्रमांक, तारीख, पद, वेतन आणि मुदत आहे ना, हे तिथेच पाहा. रुजू अहवालाची पोच घ्या, हजेरीपटाच्या सहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो ठेवा, आणि तुमच्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे कोणत्या तारखेला गेला, हे लेखी मागा. काढून टाकलंच तर आदेश हाती पडल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं. खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा 1977 चा कायदा विनाअनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांनाही लागू आहे. न्यायाधिकरण आधी दोन गोष्टी तपासतं: शाळा मान्यताप्राप्त आहे का, आणि नेमणूक नियमाप्रमाणे झाली का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच कागदांतून द्यावं लागतं.